विश्लेषण : खोकल्याच्या सिरपवर बंधनं येणार, मग टपरीवरच्या घशाच्या गोळीचं काय? ती औषध की चॉकलेट?

नायगाव, वसई रोड, नालासोपारा आणि विरार. या चारपैकी कुठल्याही स्टेशनबाहेरच्या टपरीवर गेलं की काचेच्या बरणीत घशाच्या गोळ्या दिसतात. कुणी 'विक्सची गोळी' म्हणून मागतं, कुणी 'स्ट्रेप्सिल्स', कुणी नुसतंच 'घशाची गोळी दे' म्हणतं. एक-दोन सुट्या गोळ्या घ्यायच्या, एक तोंडात टाकायची आणि लोकल पकडायची. हे इतकं रोजचं आहे की आपण औषध घेतोय असं कुणाच्या मनातही येत नाही.

पण खोकल्याच्या औषधांच्या विक्रीचे नियम बदलण्याची हालचाल सुरू झाल्यापासून ही गोळीही चर्चेत यायला हवी होती. ती आली नाही. टपरीवर ही गोळी विकायला परवानगी कशी? तिच्यात नेमकं काय असतं? तिने घसा खरंच बरा होतो का? आणि वसई-विरारसारख्या शहरात ती चघळत राहणं महाग का पडू शकतं? समजून घेऊया.

चर्चा सुरू कुठून झाली?

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात 'कोल्ड्रिफ' हे खोकल्याचं सिरप प्यायलेल्या लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. २० हून अधिक मुलांचा मृत्यू झाला. तामिळनाडूतल्या कंपनीत बनलेल्या या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन तब्बल ४८.६ टक्के आढळलं. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही या सिरपच्या संबंधित बॅचबद्दल इशारा दिला. पाच वर्षांखालच्या मुलांना अशी सिरप सहसा देऊच नयेत, दोन वर्षांखालच्यांना तर मुळीच नाही, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना कळवलं.

त्यानंतर वर्षाच्या अखेरीस केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एक मसुदा काढला. औषध नियम, १९४५ मधल्या 'शेड्यूल के'मधून 'सिरप' हा शब्द वगळावा, असा हा प्रस्ताव आहे.

आता गंमत बघा. शेड्यूल के मधल्या १३ व्या नोंदीत 'घरगुती औषधां'ची यादी आहे. त्यात अ‍ॅस्पिरिन, पॅरासिटामॉल, बाम, ग्राइप वॉटर यांच्यासोबत एक ओळ अशी आहे : खोकल्यासाठीची सिरप, लॉझेंजेस, पिल्स आणि टॅब्लेट्स. या ओळीतला फक्त पहिला शब्द काढायचा प्रस्ताव आहे. 'लॉझेंजेस', म्हणजे तोंडात ठेवून हळूहळू विरघळवायच्या औषधी गोळ्या, तिथेच राहतात.

म्हणजे टपरीवर औषध विकायला परवानगी आहे?

नाही. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो.

शेड्यूल के ची ही सवलत सगळ्या देशाला नाही. औषध विक्रीचा परवाना नसलेल्या दुकानदाराला ही घरगुती औषधं विकता येतात, पण १००० पेक्षा जास्त लोकसंख्या नसलेल्या गावातच. तिथेही अटी आहेत. औषध परवानाधारक उत्पादकाने बनवलेलं हवं, परवानाधारक विक्रेत्याकडूनच आणलेलं हवं आणि मूळ, न फोडलेल्या पॅकमध्येच विकलं पाहिजे. जिथे मैलोन् मैल मेडिकल स्टोअर नाही अशा पाड्यावर डोकेदुखीची गोळी तरी मिळावी, हा त्यामागचा हेतू.

वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ मध्ये स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती आणि त्यानंतर ती किती फुगली हे विरार लोकलमध्ये चढणाऱ्याला सांगायला नको. त्यामुळे इथल्या टपरीला किंवा किराणा दुकानाला ही सवलत लागू होण्याचा प्रश्नच येत नाही. पालघर जिल्ह्याच्या जव्हार-मोखाडा भागातल्या एखाद्या छोट्या पाड्याला ती लागू होऊ शकते. नालासोपाऱ्याला नाही.

मग टपरीवर गोळ्या विकल्या जातात कशा?

कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या गोळ्या कायद्याच्या नजरेत तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत.

पहिला प्रकार, अ‍ॅलोपॅथिक लॉझेंज. यात जंतुनाशक, खोकला दाबणारं किंवा घसा बधिर करणारं औषध असतं. ही विकायला औषध विक्रीचा परवाना लागतो. म्हणजे जागा मेडिकल स्टोअरची.

दुसरा प्रकार, आयुर्वेदिक गोळी. आपल्याकडे आयुर्वेदिक औषध बनवायला परवाना लागतो, विकायला लागत नाही. त्यामुळे ती किराणा दुकान, पानटपरी, सुपरमार्केट, कुठेही ठेवता येते. विक्सच्या कफ ड्रॉप्स भारतात आयुर्वेदिक औषध म्हणूनच विकल्या जातात, हे अनेकांना माहीत नसतं. पुदिन्याचं सत्त्व म्हणजे मेंथॉल, कापूर, निलगिरीचं तेल हे घटक आयुर्वेदाच्या चौकटीत बसतात, हा त्यामागचा आधार.

तिसरा प्रकार, साधी पुदिन्याची गोळी. ही अन्नपदार्थ आहे, औषध नाही. तिच्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक असतो. घसा बरा करण्याचा दावा तिला करता येत नाही, पण जाहिरातीत थंडगार वारा दाखवायला कोण अडवणार!

टपरीवरच्या एकाच बरणीत या तिन्ही प्रकारच्या गोळ्या एकत्र असू शकतात. आणि सुटी गोळी घेतली की घटक, मात्रा, इशारा असं सगळं छापलेलं मोठं पॅक दुकानदाराकडेच राहतं. ग्राहकाच्या हातात येतो तो चिमूटभर कागद.

औषध की मिठाई, हा वाद कोर्टातही गेला

हा प्रश्न फक्त ग्राहकाला पडतो असं नाही. सरकार आणि कंपन्या यावर अनेक वर्षं भांडल्या आहेत. कारण अर्थातच कर. गोळी कुठल्या खान्यात टाकायची, यावर तिचा उत्पादन शुल्काचा दर ठरायचा.

विक्सची उत्पादनं आयुर्वेदिक औषधं मानायची की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कौल आयुर्वेदिकच्या बाजूने लागला. हॉल्सच्या पुदिना गोळ्यांवरून वॉर्नर हिंदुस्तान कंपनी आणि उत्पादन शुल्क विभाग यांच्यातलं प्रकरणही १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलं होतं. तिथेही मुद्दा तोच होता, आयुर्वेदिक औषध की साखरेची मिठाई?

आता या वादातली हवा बरीचशी गेली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि औषधं व साखरेच्या गोळ्या दोन्ही ५ टक्क्यांच्या खान्यात आल्या. कराच्या बाजूने फरक मिटला. पण आरोग्याच्या बाजूने तो जिथल्या तिथे आहे.

गोळी घशात गेल्यावर नेमकं काय करते?

गोळी गिळायची नसते, चघळून फोडायचीही नसते. ती जिभेवर ठेवून हळूहळू विरघळू द्यायची, कारण औषध जितका जास्त वेळ घशाच्या त्वचेला लागून राहील तितका उपयोग जास्त. म्हणून ती कडक बनवतात. साखर आणि लिक्विड ग्लुकोज साधारण १४०-१५० अंश सेल्सिअसपर्यंत शिजवून पाणी जवळपास उडवून टाकतात, मग पाक थोडा निवल्यावर त्यात औषध आणि स्वाद मिसळून साच्यात दाबतात. अशी गोळी हवेतली ओल पटकन शोषते. वसईच्या खाऱ्या दमट हवेत उघडी राहिलेली गोळी चिकट होते ती यामुळेच.

तोंडात गेल्यावर पहिलं काम करते ती लाळ. काहीही चोखलं की लाळ सुटते, कोरडा घसा ओला होतो आणि खवखव कमी वाटते. इतकं काम खडीसाखरही करते.

दुसरं काम मेंथॉलचं. आपल्या मज्जातंतूंवर थंडी ओळखणारे ग्राहक असतात. मेंथॉल त्यांना फसवतं आणि मेंदूला गारव्याचा निरोप जातो. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात नाकातून जाणारी हवा तेवढीच असते, हे अभ्यासांत दिसलं आहे. आराम खरा असतो, पण अडथळा हटलेला नसतो.

तिसरं काम औषधाचं, आणि ते गोळीगणिक वेगळं असतं. स्ट्रेप्सिल्सच्या मूळ सूत्रात डायक्लोरोबेंझिल अल्कोहोल १.२ मिलिग्रॅम आणि अमाइलमेटाक्रेसॉल ०.६ मिलिग्रॅम ही दोन सौम्य जंतुनाशकं असतात. त्यांनी घशाची वेदना काही काळ थोडी कमी होते. पण घसादुखी बहुतेक वेळा विषाणूमुळे असते आणि ती साधारण आठवड्याभरात आपोआप जाते. 'गोळीने बरं वाटलं' यातलं किती श्रेय गोळीचं आणि किती शरीराचं, हे म्हणूनच सांगणं कठीण.

झिंकच्या लॉझेंजेसचाही बराच गाजावाजा होतो. २०२४ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार झिंकमुळे सर्दीचे दिवस थोडे कमी होत असतील, पण पुरावा कमकुवत आहे आणि मळमळ, तोंडाची चव बिघडणं असे त्रास होऊ शकतात.

सगळ्या गोळ्या तितक्याच निरुपद्रवी असतात का?

नाही. तीन नावं लक्षात ठेवलीत तरी पुरे.

डेक्स्ट्रोमेथॉर्फन : हे खोकल्याची उबळ मेंदूच्या पातळीवर दाबणारं औषध आहे. ते ५ मिलिग्रॅमच्या लॉझेंजमध्येही मिळतं. त्याने झोप येऊ शकते आणि नैराश्यावरच्या काही औषधांसोबत ते धोकादायक ठरू शकतं. मे २०२२ मध्ये आरोग्य मंत्रालयाने १६ औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू द्यावीत असा मसुदा काढला होता. त्यात ही लॉझेंज होती. पण अटींसह. विक्री परवानाधारक मेडिकलमधूनच व्हावी आणि पाच दिवसांपेक्षा जास्त घेऊ नये, तोवर बरं वाटलं नाही तर डॉक्टरांकडे जावं.

बेंझोकेन : हे घसा बधिर करतं. त्याने क्वचित रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. दोन वर्षांखालच्या मुलांना बेंझोकेन देऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला होता.

निकोटिन : तंबाखू सोडण्यासाठी निकोटिनच्या लॉझेंजेस आणि च्युइंगम मिळतात. त्या घशासाठी नाहीत. वेष्टन मात्र पुदिन्याच्या गोळीसारखंच दिसतं. घरात कुणी त्या घेत असेल तर मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आणि 'आयुर्वेदिक आहे, मग काय होतंय' या भरवशावरही राहू नका. जेष्ठमध अनेक घशाच्या गोळ्यांत असतो. तो दिवसेंदिवस भरपूर पोटात गेला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होतं. बीपीची गोळी चालू असलेल्या आजी-आजोबांनी दिवसभर जेष्ठमधाच्या गोळ्या चघळू नयेत. मधुमेह असेल तर साखरेचा हिशोब वेगळाच. प्रत्येक गोळी म्हणजे जवळपास सगळी साखर, आणि दिवसाला सहा-आठ गोळ्या म्हणजे चहातली साखर सोडल्याचा फायदा गेला.

वसई-विरारमध्ये हा प्रश्न जास्त गंभीर का?

इथे घसा खवखवायला कारणं भरपूर आहेत. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरची वाहतूक, सतत चालू असलेली बांधकामं, उडणारी धूळ. १५ व्या वित्त आयोगाने हवेच्या गुणवत्तेसाठी निधी देताना दहा लाखांवरच्या शहरांची जी यादी केली, त्यात महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) यांच्या रांगेत वसई-विरारही आहे.

त्यात प्रवास. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर. गच्च भरलेल्या डब्यात कुणीतरी खोकतंय आणि बाकीचे तीच हवा श्वासात घेतायत, हे रोजचं. डॉक्टरांकडे जायचं तर अर्धा दिवस मोडतो आणि हातावर पोट असलेल्याचा रोज बुडतो. या पट्ट्यातून बोगस डॉक्टरांवरच्या कारवाईच्या बातम्याही वेळोवेळी येतात, त्यामुळे जायचं तरी कुणाकडे हा प्रश्न असतोच. अशा वेळी दोन रुपयांची गोळी हा सगळ्यात स्वस्त आणि सोपा तोडगा वाटतो. वाटणारच.

अडचण अशी की खोकला हा आजार नसतो, ते लक्षण असतं. गोळीने खोकला दबतो आणि त्यामागचा आजार तसाच वाढत राहतो. त्यातला सगळ्यात मोठा आजार म्हणजे क्षयरोग, टीबी.

राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाचा साधा निकष आहे, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करा. सोबत संध्याकाळचा ताप, वजन घटणं, रात्री घाम येणं, थुंकीतून रक्त पडणं यापैकी काही असेल तर एक दिवसही थांबू नका. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस उपचाराविना महिनोन् महिने खोकत राहिला, तर घरातली मुलं, शेजारी आणि डब्यातले सहप्रवासी असे सगळेच धोक्यात येतात. उपचार सुरू झाले की संसर्ग पसरण्याचा धोका झपाट्याने कमी होतो.

ही तपासणी आणि औषधं सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत आहेत. वसईचं सर डी. एम. पेटिट रुग्णालय, नालासोपाऱ्याचं तुळींज रुग्णालय किंवा जवळचं नागरी आरोग्य केंद्र, कुठेही विचारता येईल. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून दरमहा १००० रुपये मिळतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० होती. टीबीबद्दल माहितीसाठी टोल फ्री क्रमांक आहे १८००-११-६६६६.

दुसरा आजार कर्करोग. तंबाखू, गुटखा, मावा खाणाऱ्यांच्या तोंडात जळजळ झाली की अनेकदा पुदिन्याची गोळी टाकली जाते. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा तोंडातला व्रण, तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, गिळताना अडकणं, मानेत गाठ यांपैकी काहीही असेल तर गोळी बाजूला ठेवून तपासणी करून घ्यायला हवी. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

मुलांना ही गोळी द्यावी का?

लहान मुलांना नकोच. कडक, गुळगुळीत गोळी श्वासनलिकेत अडकू शकते. साधारण पाच-सहा वर्षांखालच्या मुलांच्या हातात लॉझेंज देऊ नये आणि मोठ्या मुलांनाही खेळताना, पळताना किंवा झोपताना तोंडात ठेवू देऊ नये. सिरपची भीती बसल्यामुळे कुणी त्याऐवजी गोळी देत असेल तर तो पर्याय सुरक्षित नाही. एक वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध किंवा कोमट पाणी देता येतं. एक वर्षाखालच्या बाळाला मध मात्र देऊ नये.

शाळकरी मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. ५ ते १५ या वयात स्ट्रेप्टोकोकस जिवाणूमुळे घसा दुखत असेल आणि त्यावर प्रतिजैविकांचा पूर्ण उपचार झाला नाही, तर काही मुलांना ऱ्हुमॅटिक ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. भारतात हा आजार अजून संपलेला नाही. घसा खूप दुखतोय, ताप आहे, गळ्यात गाठी आल्यात, पण सर्दी-खोकला नाही, असं चित्र दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. प्रतिजैविकं द्यायची की नाही हे त्यांनाच ठरवू द्या.

गोळी घ्यायचीच असेल तर काय बघाल?

• सुटी गोळी टाळा. निदान एकदा तरी पूर्ण पॅक हातात घेऊन वाचा.
• 'आयुर्वेदिक औषध' लिहिलंय, औषधाचा उत्पादन परवाना क्रमांक आहे, की अन्नपरवान्याचा १४ अंकी क्रमांक? यावरून ती कुठल्या खान्यातली हे कळेल.
• दिवसातून जास्तीत जास्त किती, हे लिहिलेलं असतं. तेवढीच घ्या.
• गरोदरपण, स्तनपान, बीपी, मधुमेह किंवा रोजची औषधं चालू असतील तर आधी फार्मासिस्टला विचारा.
• मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, पुरेसं पाणी आणि आवाजाला विश्रांती, यांना परवाना लागत नाही.

पुढे काय?

सिरपवरची बंधनं गरजेचीच होती. छिंदवाड्यानंतर त्याबद्दल दुमत असण्याचं कारण नाही. पण एक शब्द काढल्याने मूळ प्रश्न सुटत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधं, ज्यांना आपण 'ओटीसी' म्हणतो, त्यांची वेगळी व्याख्याच भारताच्या औषध कायद्यात नाही. त्यामुळे एका बाजूला १००० वस्तीच्या गावासाठी लिहिलेली जुनी सवलत आहे, दुसऱ्या बाजूला बारा लाखांच्या शहरातली टपरी आहे, आणि मधल्या जागेत काय चालतं हे बघायला औषध निरीक्षकांची संख्या अपुरी आहे.

यात ग्राहकाला लगेच करता येण्यासारखी गोष्ट एकच आहे, दिवस मोजणं. खोकला कधी सुरू झाला ती तारीख मोबाइलमध्ये लिहून ठेवा. दोन-चार दिवस गोळी चघळलीत तर हरकत नाही. पण १५ व्या दिवशीही हात बरणीकडे जात असेल, तर त्या दिवशीची लोकल चुकली तरी चालेल, आधी थुंकीची तपासणी करून या.